शोपांचं ई मायनर प्रिल्यूड: गती, जोर आणि भाव कसा ठरवावा

ओपस २८ या संग्रहातलं हे चौथं प्रिल्यूड, म्हणजे पियानोची छोटी रचना, नवशिक्यांना सर्रास दिलं जातं, कारण वाचायला सोपं आहे. तुमचे स्वर आणि बोटं बसली आहेत असं धरून पुढे जाऊ.

१. गती आधी ठरवा. वर ‘लार्गो’ (अतिशय संथ) दिसलं की लोक रेंगाळतात. त्यात १८४९ मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपांच्या अंत्यविधीला हेच ऑर्गनवर वाजलं, त्यामुळे अंत्ययात्रेची चाल याला चिकटली ती चिकटलीच. पण तालाची खूण बघा: ‘आल्ला ब्रेवे’, म्हणजे बारमध्ये (तालाच्या एका आवर्तनात) दोन ठोके. आठ मोजलेत तर सगळं तिथेच बसलं. मेट्रोनोमवर क्वार्टर नोट (अर्धा ठोका) मिनिटाला ५८ ते ६६ ठेवा. २५ बार दोन मिनिटांच्या आत होतात. ४० वर उतरलात तर उजव्या हातातला लांब बी स्वर पुढचा सी येईपर्यंत विरून जातो आणि सुरावट तुटते.

२. डावा हात. खरं काम इथे आहे, आणि ‘डावा हात हळू आवाजात वाजवा’ एवढाच सल्ला कुचकामी आहे. सगळ्या कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर) सारख्याच हळू आवाजात वाजल्या की टाइपरायटर ऐकू येतो.

पहिल्या बारमध्ये कॉर्ड बदलतच नाही. दुसऱ्यापासून कधी खालचा, कधी मधला, कधी वरचा स्वर खाली सरकतो, बहुधा अर्ध्या स्वराने. श्रोत्याला हे घसरणं ऐकू यायला हवं. म्हणून आधी प्रत्येक नवी कॉर्ड एकदाच दाबून धरा आणि नेमका कोणता स्वर हलला ते गुणगुणा. प्रतीवर त्या स्वरांना पेन्सिलने गोल करा. मग बारमधल्या आठही कॉर्ड वाजवताना त्या एका बोटाला किंचित वजन द्या, उरलेल्या दोघांना नाही. बोटं पट्ट्यांवरून उचलू नका; पट्टी पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा दाबा. मनगट ताठ झालं की प्रत्येक ठोक्याला टोक येतं.

पेडल कॉर्ड बदलल्यावर लगेच बदला, बारच्या रेषेवर नव्हे. रेषेची वाट पाहिलीत तर दोन शेजारचे स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो.

३. उजवा हात. सुरुवातीचा बी–सी तीनदा येतो. दर वेळी सी फुगवू नका. बीकडे परत झुकू द्या. रुबातो (लयीत किंचित मागेपुढे होणं) उजव्या हातात, डावा स्थिर. शोपांच्या शिष्यांनीही त्याची शिकवण हीच सांगितली आहे.

४. बाराव्या बारची स्वरांची ओळ घाईत उरकू नका. तेराव्यात सुरुवातीचीच सुरावट परत येते. ती पहिल्यापेक्षा हळू आवाजात वाजवा, नाहीतर पुढे चढायला जागा उरत नाही.

५. सोळाव्या बारवरचं ‘स्ट्रेत्तो’ गतीबद्दल आहे: पुढे रेटा. सतराव्यात ‘फोर्टे’ (जोरात) येतं आणि अख्ख्या प्रिल्यूडमध्ये ते एकदाच आहे. नवव्या-दहाव्या बारमध्येच आवाज वाढवून बसणाऱ्यांकडे इथे द्यायला काही नसतं. अठराव्यापासून उतरा. आवाजाबरोबर गतीही मूळ जागी आणा, त्याखाली नको. एकविसाव्यातल्या ‘स्मोर्त्सांदो’साठी (विरत जाणं) थोडी उतरण राखून ठेवा.

६. तेविसाव्यातल्या फर्माताच्या (थांबा लांबवण्याच्या खुणेच्या) विरामाला पेडल पूर्ण सोडा. शांतता कोरडी हवी. शेवटच्या तीन कॉर्ड ‘पियानिस्सिमो’ (अगदी हळू आवाजात), पण मोजून वाजवा. लांबण लावू नका, त्यांची लांबी शोपांने आधीच वाढवून लिहिली आहे.