रान घातीला येईपर्यंत

एम.एस्सी.ला मृद विज्ञान घेतलं तेव्हा घरच्यांचा एकच प्रश्न होता : माती बघायला एवढं शिकावं लागतं होय? घर वाळवा तालुक्यातलं, उसाचं रान, त्यामुळं मातीतलं सगळं प्रत्येकाला आधीच माहीत. पुढची दोन वर्षं मी कृष्णाकाठच्या क्षारपड रानांत खड्डे खणले. विषय जमिनीचे भौतिक गुणधर्म. म्हणजे नत्र-स्फुरद किती ते नव्हे. माती पाणी किती धरते, किती सोडते, दाबली की किती दबते, वाळली की किती आकसते, हे. या वाटेनं नव्यानं येणारी पोरं विचारतात, त्यांना जे सांगते ते इथं लिहिते.

पहिला दिवस मार्चमधला. उसाला पाणी देऊन तीन दिवस झालेले. मी कोअर कटर (मातीचा नमुना न मोडता कापून काढायची धातूची नळी) आणि हातोडा घेऊन सरीत बसले. बांधावरून रानमालक आबा म्हणाले, "पोरी, रान अजून घातीला आलं न्हाई. आत्ताच कशाला ठोकतीस?" घात म्हणजे मशागतीजोगी ओल. मी वहीत बघून सांगितलं की भिजवल्यावर दोन-तीन दिवसांत जादा पाणी निथळून फील्ड कपॅसिटी येते, म्हणजेच वाफसा. आबा गप्प. कटर आत गेला, पण बाहेर येईना. आला तेव्हा निम्मी माती खड्ड्यातच राहिलेली, आतली दाबून तुळतुळीत झालेली. आबांनी एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं आणि खाली टाकलं. ते फुटलं नाही, चपटं झालं. "हे फुटलं की ये."

आबांची ही परीक्षा प्रयोगशाळेतही आहे. ओल्या मातीची काचेवर वळी वळायची. 3 मिलिमीटर जाडीला ती तुटायला लागली की तेवढी ओल म्हणजे प्लॅस्टिक लिमिट. स्वीडनच्या अॅटरबर्गनं 1911 मध्ये ही कल्पना मांडली. मशागतीला रान योग्य होतं ते या ओलीच्या जरा खाली. आपल्या पुस्तकांत फील्ड कपॅसिटीचं मराठी सरळ 'वाफसा' असं देतात. हलक्या जमिनीत ते खपतं. भारी काळ्या रानात फील्ड कपॅसिटीलाही माती चिकटच असते, घात त्यानंतर येते. हा फरक कळायला मला एक हंगाम लागला. त्यानंतर नमुने कधी काढायचे ते आबांच्या फोनवर ठरायचं.

यातूनच घनतेचा धडा मिळाला. 5 सेंमी व्यास आणि 5 सेंमी उंचीच्या कटरचं घनफळ साधारण 98 घनसेंमी. त्यातली माती 105 अंशांवर 24 तास वाळवून 128 ग्रॅम भरली, तर घनता 1.30 ग्रॅम प्रति घनसेंमी. गणित एवढंच. पण काळी माती फुगते आणि आकसते. त्याच रानात ओलीत 1.2-1.3 मिळेल आणि वाळक्या ढेकळाला मेण लावून मोजलं तर आकडा 1.6 च्याही वर जाईल. म्हणून घनतेशेजारी त्या वेळची ओल लिहिलेली नसेल, तर काळ्या जमिनीपुरता तो आकडा मी वाचत नाही.

माझी खरी फजिती पोताच्या, म्हणजे मातीत जाड-बारीक कण किती ते मोजायच्या चाचणीत झाली. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरहून बारीक. पाण्यात 10 सेंमी खाली बसायला त्याला सुमारे आठ तास लागतात, त्यावरच सगळी मोजणी. माझ्या नळकांड्यात पंधरा मिनिटांत वर नितळ पाणी दिसायला लागलं. मला वाटलं, काम लवकर उरकतंय. हिशेब केला तर माती चक्क हलकी, म्हणजे कमी चिकणकणांची निघाली. ज्या रानाच्या भेगेत उन्हाळ्यात हात जातो, ते रान हलकं! मार्गदर्शकांनी कागद न बघताच विचारलं, "धुतली होतीस का?" नव्हती. खारवट मातीतल्या क्षारांमुळं चिकणकण एकमेकांना धरून गोळे होतात आणि भराभर खाली बसतात. आधी क्षार धुऊन काढायचे, मग कण सुटे करणारं कॅलगॉन घालायचं. बारा नमुने परत केले.

त्याच क्षारांची दुसरी बाजू चोपण रानात दिसते. सोडियम जास्त असलेल्या रानातले क्षार नुसत्या पावसानं धुऊन गेले की सोडियम मातीला धरून राहतो, कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि वर पाणी साचतं. जिप्सममधला कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेतो. पण निचऱ्याची वाटच नसेल तर सुटलेला सोडियम जाणार कुठं? तेव्हा पाणी मुरण्याची चाचणी, ती 30 आणि 60 सेंमीच्या दोन कड्यांची, त्या रानाला मिळणाऱ्या पाण्यानंच करा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये क्षार नसतात, त्यानं वेगळंच उत्तर येतं. आणि भेगाळलेल्या रानात करणार असाल तर पाण्याचे बॅरल जास्तीचे न्या. पहिला तास भेगाच पाणी पितात. खरा वेग माती फुगून भेगा मिटल्यावर कळतो.

जमलं तर एकदा सातारा जिल्हा उभा-आडवा हिंडा. महाबळेश्वरच्या तांबड्या मातीतही चिकणकण भरपूर, पण ते वेगळ्या खनिजाचे, लोहानं बांधलेले. म्हणून एवढा पाऊस झेलून ती निचरते. माण-खटावात वीतभर मातीखाली मुरूम लागतो. नुसत्या चिकणकणांच्या टक्केवारीवर विसंबायची सवय या एका फेरीत मोडते.

प्रवेशाचं थोडक्यात : बी.एस्सी. कृषीनंतर राज्याची पदव्युत्तर सीईटी किंवा आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा. प्राध्यापकी करायची तर पुढं नेट ही पात्रता परीक्षा. नोकऱ्या साखर कारखान्यांच्या माती प्रयोगशाळांत, कृषी विज्ञान केंद्रांत, ठिबक आणि निचऱ्याच्या कंपन्यांत. नागपूरच्या मृद सर्वेक्षण संस्थेत प्रकल्पांवर माणसं घेतात. मात्र खोटं कशाला बोलू, बहुतेक ठिकाणी काम सामू (पीएच), क्षारता आणि खतांचंच मिळतं. 2015 ला सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक आहेत, त्यात भौतिक एकही नाही. कारखान्यात लागल्यावर कोअर कटर मी स्वतः मागून घेतला.

शेवटी पिशव्यांचं. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा, एक आत आणि एक बाहेर. ओल्या मातीत पेनाची शाई पसरते, आणि मग चाळीस पिशव्यांतली 30-60 सेंमी खोलीची कुठली, हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही.