प्लेसमेंट ऑफिसरांनो, युरोपातल्या परिषदेचा व्हिसा असा मागा

विद्यार्थ्यांच्या रोजगारावरची परिषद जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये असेल, तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट पटापट भरतात, म्हणून नोंदणी झाली की लगेच कामाला लागा.

खरी अडचण कागदांच्या मेळात येते. आयोजकांचं निमंत्रणपत्र पासपोर्टवरच्या नावानेच मागवा. नोंदणी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या, असं झालं की शंका आलीच. पत्रात परिषदेच्या तारखा, तुमचं पद आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट हवं. कॉलेजच्या ना हरकत पत्रातही तेच हवं: एकात ‘खर्च संस्थेचा’ आणि दुसऱ्यात ‘स्वखर्चाने’ असलं, तर अर्ज अडकू शकतो. रजेची मंजुरी आणि परत रुजू होण्याची तारीख प्राचार्यांच्या सहीशिक्क्यासह घ्या.

वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर ३ महिने वैध, दोन पानं कोरी. परिषदेला जोडून पॅरिस बघणार असाल, तर जिथे येण्याचा मुख्य हेतू किंवा मुक्काम जास्त, त्याच देशाकडे अर्ज करा.