घरी व्हर्च्युअल पिनबॉल खेळायचंय? आधी पडदा निवडा, मग पेटी

व्हर्च्युअल पिनबॉल म्हणजे खऱ्या मशीनऐवजी कॉम्प्युटर आणि पडद्यावर खेळायचा पिनबॉल. त्याच्या पूर्ण सेटअपमध्ये मशीनसारख्या पेटीत बसवलेले तीन पडदे असतात. एक आडवा झोपवलेला, ज्यावर बॉल पळतो, तो प्लेफील्ड. दुसरा समोर उभा, चित्राचा, तो बॅकग्लास. तिसरा बॅकग्लासच्या खालची ठिपक्यांची पट्टी, जिच्यावर स्कोअर दिसतो. तिघांची किंमत आणि महत्त्व मात्र सारखं नाही. पडद्यांसाठी जे पैसे काढून ठेवले असतील, त्यातले निदान पाऊण प्लेफील्डवर घाला. उरलेले दोन पडदे जुन्या मॉनिटरवर सुखाने भागतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते क्रम चुकल्यामुळे. इंटरनेटवरून मापं उतरवून सुताराकडून पेटी करून घेतली जाते आणि मग तिच्यात बसणारा टीव्ही शोधत दुकानं पालथी घातली जातात. टीव्हीची बाहेरची मापं मॉडेलगणिक बदलतात, त्यामुळे अर्ध्या सेंटीमीटरवरून सगळं अडतं. क्रम असा ठेवा: जागा, मुख्य पडदा, पेटी, आणि शेवटी बाकीचे दोन पडदे.

पायरी १: जागा मोजा

खऱ्या पिनबॉल मशीनएवढी पेटी साधारण ५६ सेंटीमीटर रुंद, १३० लांब आणि मागच्या बॅकग्लाससकट १९० उंच होते. खेळणाऱ्याला उभं राहायला पुढे किमान ८० सेंटीमीटर सोडा. हॉलमध्ये एवढी जागा निघते, पण वाटेतले दरवाजे विसरू नका. फ्लॅटमधले बेडरूमचे दरवाजे बहुतेक ७५ सेंटीमीटरचे असतात. पाय सुटे आणि बॅकग्लासचा डबा बिजागरीवर पुढे पडणारा असेल तर पेटी आत जाते. नाशिकमध्ये रविवार कारंजा किंवा भद्रकालीकडच्या जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहत असाल, तर जिन्याचं वळण टेपने मोजल्याशिवाय पूर्ण आकाराच्या पेटीचा विचारही करू नका.

पडदा कुठे येणार तिथे रात्री उभं राहून वर बघा. ट्यूबलाइट नेमकी डोक्यामागे असेल, तर आडव्या पडद्यात ती पांढरी रेघ होऊन दिसेल आणि बॉल त्या रेघेत हरवेल. जागा दोन फूट सरकवली किंवा दिवा बाजूच्या भिंतीवर नेला की काम होतं.

पायरी २: आकार ठरवा

दुकानात सांगतात तो इंचाचा आकडा तिरक्या कर्णाचा असतो. पिनबॉलला पडदा उभ्या दिशेने, म्हणजे लांब बाजू खेळणाऱ्यापासून दूर जाईल असा झोपवून वापरायचा, म्हणून आपल्याला हवी ती रुंदी म्हणजे टीव्हीची उंची. १६:९ च्या पडद्यात नुसत्या काचेची मापं अशी येतात: २७ इंचीला ३३.६ बाय ५९.८ सेंटीमीटर, ३२ इंचीला ३९.८ बाय ७०.८, ४० इंचीला ४९.८ बाय ८८.६ आणि ४३ इंचीला ५३.५ बाय ९५.२. बाजूची कड यात धरलेली नाही.

नव्वदच्या दशकातल्या मशीनचं प्लेफील्ड साधारण ५१-५२ सेंटीमीटर रुंद आणि ११५ च्या आसपास लांब असायचं. त्या हिशेबाने ४३ इंची पडदा रुंदीला जवळजवळ खऱ्या मापाचा ठरतो. अडचण पुढे येते. ५६ सेंटीमीटरच्या पेटीला दोन्ही बाजूंनी १८ मिलिमीटरचा प्लाय लावला की आत ५२.४ उरतात. ४३ इंचीची उघडी काचच ५३.५ ची आहे, तेव्हा तो टीव्ही या पेटीत बसणं शक्य नाही. ४३ इंची हवा असेल तर पेटी बाहेरून ६० सेंटीमीटरच्या आसपास करावी लागते. ५६ च्याच पेटीचा हट्ट असेल तर ४० इंचीवर या. टीव्ही उघडून नुसतं पॅनल बसवणारेही आहेत, पण वॉरंटी जाते, पॅनलची कड दाबली गेली की कायमची रेघ उमटते आणि आतल्या पॉवर सप्लायमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ चार्ज राहतो. नवशिक्याने हे करू नये.

टू-बीएचकेत राहणाऱ्या बहुतेकांना आमचा सल्ला ३२ इंची मॉनिटरचा आहे. पेटी बाहेरून ४७-४८ सेंटीमीटर रुंद होते, एकटा माणूस ती सरकवू शकतो आणि वेगवान मॉनिटर मिळतो तो याच आकारात. पेटीच नको असेल, तर ९० अंशांत फिरणाऱ्या स्टँडवरचा २७ इंची मॉनिटर टेबलावर उभा करूनही उत्तम खेळता येतं. तिथे दुसऱ्या पडद्याची गरज नाही.

पायरी ३: उशीर तपासा

निवड खरी इथेच होते. बटण दाबल्यापासून पडद्यावर फ्लिपर (बॉलला परत वर मारणारी पट्टी) हलेपर्यंत जो वेळ जातो, त्याला इनपुट लॅग म्हणतात. समजा बॉल सेकंदाला २ मीटर वेगाने खाली येतोय. पडद्याने ५० मिलिसेकंद उशीर केला तर तेवढ्यात बॉल १० सेंटीमीटर पुढे सरकतो. खरा फ्लिपर असतो सुमारे साडेसात सेंटीमीटरचा. म्हणजे तुम्हाला बॉल फ्लिपरच्या वर दिसतो तेव्हा गेमच्या हिशेबात तो निसटूनही गेलेला असतो. फ्लिपरच्या टोकाने नेम धरून मारणं मग अशक्य होतं आणि दोष खेळणाऱ्याच्या हाताला दिला जातो.

टीव्हीत उशीर होतो तो चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेमुळे. हालचाल गुळगुळीत करणं, गोंगाट काढणं, रंग खुलवणं, या प्रत्येक कामासाठी टीव्ही आधी फ्रेम साठवतो. गेम मोड लावला की यातलं बरंचसं बंद होतं. ज्या टीव्हीत गेम मोड नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी प्लेफील्डसाठी घेऊ नका. बॅकग्लासला चालेल.

दुसरा भाग रिफ्रेश रेटचा. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवीन फ्रेम येते, १२० वर ८.३ आणि १४४ वर ६.९ मिलिसेकंदांनी. पिनबॉलमध्ये हा फरक उशिरापेक्षा आधी डोळ्याला जाणवतो: ६० वर वेगातला बॉल तुटक दिसतो, १२० वर सलग.

खोक्यावर छापलेला '१ मिलिसेकंद' म्हणजे इनपुट लॅग नव्हे. तो पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ असतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुकानात त्यांची सरमिसळ कायम होते.

एम.जी. रोड किंवा कॉलेज रोडवरच्या दुकानात जाताना लॅपटॉप, स्वतःची एचडीएमआय केबल आणि २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढणारा फोन घेऊन जा. लॅपटॉपवर व्हिज्युअल पिनबॉल हे पिनबॉल खेळायचं सॉफ्टवेअर आधीच टाकून ठेवा, ते फुकट आहे. मग हे करा:

१. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर एखादं टेबल (म्हणजे पिनबॉलचा एक गेम) सुरू करा. फ्रेममध्ये बोट, की आणि फ्लिपर तिन्ही येतील असा फोन धरून आठ-दहा वेळा फ्लिपरची की दाबा.

२. आता टीव्ही जोडा, त्याचा गेम मोड लावा, लॅपटॉपचं चित्र फक्त टीव्हीवर पाठवा आणि तसाच व्हिडिओ पुन्हा काढा. रिफ्रेश रेट दोन्ही वेळा ६० च ठेवा, नाहीतर तुलना फसते.

३. दोन्ही व्हिडिओ फ्रेम-फ्रेम सरकवत, की पूर्ण दबल्यापासून फ्लिपर हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि सरासरी काढा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद.

टीव्हीवर तीन-चार फ्रेम जास्त आल्या तर घ्यायला हरकत नाही. दहा-बारा जास्त आल्या, म्हणजे ४०-५० मिलिसेकंदांचा जादा उशीर, तर तो टीव्ही सोडा. दुकानदार घाई करेल, पण हे काम पंधरा मिनिटांचं आहे आणि बिल झाल्यावर ते करून उपयोग नाही.

पायरी ४: पॅनल कोणतं ते बघा

टीव्ही भिंतीवर असतो तेव्हा आपण समोरून बघतो. पेटीत तो आडवा झोपतो आणि आपण त्याच्या एका टोकाशी उभे असतो. पडद्याच्या दूरच्या टोकाकडे आपली नजर जेमतेम ३० अंशांच्या कोनातून जाते. आयपीएस पॅनल अशा तिरक्या नजरेला रंग टिकवून धरतं. व्हीए पॅनलचा काळा रंग समोरून सुंदर दिसतो, पण तिरकं पाहिलं की टेबलाचा वरचा भाग धुरकट होतो. शिवाय काही व्हीए पॅनलवर अंधाऱ्या टेबलात बॉलमागे काळपट शेपूट दिसतं. टीएन पॅनल उभं फिरवलं तर दोन डोळ्यांना वेगवेगळी छटा दिसते आणि थोड्या वेळात डोकं दुखायला लागतं. ते टाळाच.

दुकानात टीव्हीसमोर उभं राहू नका. त्याच्या डाव्या किंवा उजव्या कडेशी जाऊन, गाल भिंतीजवळ नेऊन, पलीकडची कड बघा. पेटीत तुम्हाला तसंच दिसणार आहे.

ओएलईडी वेगाला आणि काळ्या रंगाला सर्वांत सरस आहे. पण पिनबॉलचं प्लेफील्ड तासन्‌तास एकाच जागी स्थिर असतं, त्यामुळे त्या चित्राचे कायमचे डाग पडण्याचा धोका इथे सिनेमापेक्षा बराच जास्त. रोज एकच टेबल खेळणाऱ्याने घेऊ नये.

पायरी ५: रिझोल्यूशन आणि ग्राफिक्स कार्डाची जोडी

फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, फुल एचडीवर सुमारे २१ लाख. कार्डाला चौपट काम पडतं. ४३ इंचीवर फुल एचडी घेतलं तर जवळून ठिपके दिसतात, म्हणून तिथे फोर-केच हवं. ३२ इंचीवर १४४० चं (२५६० बाय १४४०) रिझोल्यूशन पुरेसं रेखीव आहे आणि मध्यम कार्डही ते १२० हर्ट्झच्या वर चालवू शकतं.

फोर-के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० लागतं, फोर-के १२० ला २.१. फोर-के लावल्यावर बॉल अडखळत पळायला लागला तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा, बहुतेक वेळा तो ३० वर अडकलेला असतो. कारण एक तर केबल जुनी असते, नाहीतर टीव्हीच्या त्या पोर्टचा जास्त क्षमतेचा मोड मेनूत बंद असतो. तिन्ही पडदे एकाच ग्राफिक्स कार्डाला जोडा. एखादा मदरबोर्डच्या पोर्टला लावला तर खेळ मध्येच झटके खातो.

पायरी ६: बॅकग्लास आणि स्कोअरची पट्टी

४३ इंचीच्या पेटीला २७ ते ३२ इंची बॅकग्लास शोभतो, ३२ इंचीच्या पेटीला १९ ते २२ इंची. ६० हर्ट्झ पुरे. ऑफिसातून निघालेला जुना मॉनिटर सेकंडहँड बाजारातून आणताना फक्त दोन गोष्टी बघा: मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात स्क्रूची चार भोकं आहेत ना, आणि वीज गेली-आली तर तो आपोआप सुरू होतो ना.

नव्वदच्या दशकातल्या बहुतेक मशीनवर ठिपक्यांची पट्टी १२८ बाय ३२ ची, म्हणजे ४:१ प्रमाणाची असे. १५.६ इंची मॉनिटरवर ती ३४.५ सेंटीमीटर रुंद आणि साधारण ८.६ उंच दिसते, बाकीचा भाग काळ्या फळीने झाका. खरे ठिपके हवे असतील तर जाहिरातींच्या फलकांत वापरतात ती पी२.५ ची (ठिपक्यांमधलं अंतर २.५ मिलिमीटर) ६४ बाय ३२ एलईडी पॅनलं दोन घ्या. प्रत्येकी १६ बाय ८ सेंटीमीटर, शेजारी शेजारी लावली की ३२ सेंटीमीटरची पट्टी होते. ती ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड, झेडीएमडी हे सॉफ्टवेअर आणि ५ व्होल्टच्या पॉवर सप्लायवर चालतात. हे सावकाश, सगळं चालू झाल्यावर करा.

पायरी ७: पेटी, उष्णता, वीज

पडदा हातात आल्यावरच प्लाय कापायला द्या. टीव्हीची बाहेरची उंची अधिक प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर, हे पेटीच्या आतल्या रुंदीचं माप. सुताराचं काम नको असेल तर सातपूर-अंबडकडच्या वर्कशॉपमधून कागदावरच्या मापाने कापून घेता येतं. एमडीएफ स्वस्त पडतं, पण नाशिकच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याच्या उघड्या कडा फुगतात. प्लाय घ्या, आणि एमडीएफच वापरायचं असेल तर कडा रंगाने बंद करा.

आडव्या टीव्हीची उष्णता खाली अडकते. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंश असताना बंद पेटीत कॉम्प्युटर आणि टीव्ही एकत्र तापले की कार्ड वेग कमी करतं आणि तासाभराने बॉल अडखळायला लागतो. टीव्हीखाली ५ सेंटीमीटर मोकळे ठेवा, पेटीच्या तळाला हवा आत यायला भोकं पाडा आणि मागे १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा बाहेर फेकतील असे लावा.

कॉम्प्युटर, ४३ इंची टीव्ही आणि दोन मॉनिटर मिळून खेळताना ३५०-४०० वॅट सहज जातात. ६०० व्हीएचा यूपीएस त्याला अपुरा पडतो, १००० च्या पुढचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर वीज जाताच कॉम्प्युटर बंद पडेल.

पायरी ८: सेटिंग

टीव्हीत शार्पनेस शून्यावर आणा, हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा, चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर स्क्रीन फिट निवडा आणि सिग्नल नसताना बंद होण्याचा टायमर काढून टाका. विंडोजमध्ये प्लेफील्डला मुख्य डिस्प्ले करा, तिन्ही पडद्यांचं स्केलिंग १०० टक्के ठेवा. व्हिज्युअल पिनबॉलसाठी विंडोजमध्ये पडदा आडवाच असू द्या. टेबल फिरवायचं ते गेमच्या आत.

बॅकग्लास कुठे उघडायचा हे बीटूएस सर्व्हर, म्हणजे बॅकग्लासचं चित्र दाखवणारा प्रोग्राम, 'स्क्रीनरेस' नावाच्या टेक्स्ट फाइलमधून वाचतो. ती फाइल त्याच्यासोबत येणाऱ्या छोट्या प्रोग्रामने तयार करा आणि तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. विंडोज अपडेटनंतर किंवा केबल काढून दुसऱ्या पोर्टला लावल्यावर पडद्यांचे क्रमांक उलटसुलट होतात आणि बॅकग्लास थेट प्लेफील्डवर येऊन बसतो. तेव्हा गेम पुन्हा इन्स्टॉल करू नका. केबल मूळ पोर्टला लावा, डिस्प्ले सेटिंगमध्ये मुख्य पडदा कोणता ते तपासा, आणि तरीही जुळलं नाही तर फाइल नव्याने तयार करा.