अंधारबनचा एक दिवसाचा ट्रेक: या चुका टाळा

ताम्हिणी घाटातल्या पिंपरीहून निघायचं, कुंडलिकेच्या दरीच्या काठाकाठाने दाट रानातून हिरडी गाव गाठायचं आणि तिथून कोकणातल्या भिऱ्याला उतरायचं. अंधारबनची ही वाट साधारण 13 किलोमीटरची आहे. चढ थोडा, बाकी सगळी आडवी चाल आणि उतार. त्यामुळे ‘पहिल्या ट्रेकसाठी सोपी’ अशी तिची ओळख झाली आहे. पायांना ती सोपी आहेही. पण रानाच्या टप्प्यात एका अंगाला दरी आणि दुसऱ्या अंगाला डोंगर असतो, मधूनच गाडीरस्त्याला लागायची सोय नाही. इथे होणाऱ्या बहुतेक चुका चालण्यातल्या नसतात, निघण्याआधीच्या असतात.

गाडी पिंपरीत आणि आपण भिऱ्यात

ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. सकाळी गाडी पिंपरीच्या तलावाजवळ लावून लोक उत्साहाने चालायला लागतात आणि संध्याकाळी भिऱ्यात पोहोचल्यावर गाडी आठवते. भिऱ्याहून परत यायचं तर पाटणूस, विळे, मग अख्खा ताम्हिणी घाट चढून निवे आणि तिथून पिंपरी. अंधारात, धुक्यात, दमलेल्या अंगाने. भिऱ्यात संध्याकाळी आयत्या वेळी वाहन मिळेल, यावर भिस्त ठेवू नका.

चालक असलेली गाडी ठरवा. ती तुम्हाला पिंपरीत सोडून घाटाने खाली भिऱ्यात येऊन थांबेल. रानात मोबाइलला रेंज नसते, म्हणून कुठे थांबायचं आणि किती वाजेपर्यंत वाट पाहायची हे चालकाशी सकाळीच बोलून ठेवा. स्वतःचीच गाडी न्यायची असेल तर रानातला अर्धा टप्पा पाहून, जेवून पिंपरीला परता. दरीचं देखणं रूप तेवढ्यातही भरपूर दिसतं, त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्या ओढ्यावर न थांबणं

ताम्हिणीचा पाऊस शहरातल्या पावसावरून जोखू नये. जुलै 2024 मध्ये इथे 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असं पाणी डोंगरमाथ्यावर पडतं आणि अंधारबनच्या वाटेवर आडव्या येणाऱ्या ओढ्यांतून थेट दरीत कोसळतं. तुम्ही उभे आहात तिथे पाऊस थांबलेला असतानाही ओढा फुगू शकतो.

खरा धोका मात्र पुढच्या ओढ्यापेक्षा मागच्या ओढ्याचा. पहिला कसाबसा पार केला, दुसऱ्यावर अडकलात, परत फिरलात, तोवर पहिलाही चढलेला असतो. दोन ओढ्यांच्या मध्ये अडकलेल्या गटाला बाहेर काढणं बचाव पथकालाही जड जातं. म्हणून पुढे जायचं की परतायचं, हा निर्णय पहिल्याच ओढ्यावर घ्या. पाणी गुडघ्याच्या वर असेल, गढूळ झालं असेल, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या असतील किंवा आवाज बदलला असेल तर तिथूनच मागे फिरा. पैसे भरलेत, सुट्टी काढली आहे, ही कारणं ओढ्याला ठाऊक नसतात.

तरीही अडकलातच, तर काठापासून वर सरकून उंच जागी थांबा. हे ओढे जसे झटकन चढतात, तसे वरचा पाऊस ओसरल्यावर उतरतातही. कंबरेला दोर बांधून कोणाला पाण्यात उतरवू नका. पाय सुटला तर तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

वाट चुकल्यावर नाळेने खाली उतरणं

पाण्याच्या धारेने खाली गेलं की गाव लागतं, असा समज आहे. इथे तो जिवावर बेतेल, कारण या नाळा, म्हणजे डोंगरातल्या पाण्याच्या अरुंद घळी, खाली कुंडलिकेच्या कड्यांवर जाऊन संपतात. मळलेली वाट दिसेनाशी झाली की शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या. नकाशा घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि पिंपरी किंवा हिरडीतला वाटाड्या सोबत घ्या. ओढ्यांचा अंदाज त्याच्याइतका कोणालाच नसतो.

वेळेचं गणित

13 किलोमीटर म्हणजे तीन तास, हा हिशोब सपाट रस्त्याचा झाला. इथे शेवाळलेले दगड, चिखल, फोटोसाठीचे थांबे आणि गटातला सर्वांत सावकाश चालणारा माणूस धरून सहा-सात तास लागतात. दाट झाडीखाली सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी अंधारतं. पुण्याहून पहाटे निघून आठपर्यंत चालायला लागा, दुपारी एकच्या सुमारास हिरडीत पोहोचा. हिरडीनंतरचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो, शिवाय रानातली सावली तिथे राहत नाही. पाणी आणि ताकद त्या टप्प्यासाठी राखून ठेवा. डोक्याला लावायचा टॉर्च प्रत्येकाकडे हवा, गटात एक असून भागत नाही.

त्याच दिवशी देवकुंड धबधबाही करून टाकू, हा बेत सरळ रद्द करा. भिऱ्याजवळ आहे म्हणून मोह होतो, पण दोन्हीकडची घाई अंगाशी येते.

बाकी सामानाचं थोडक्यात. जीन्स भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटते, झटकन वाळणारी पँट घाला. खोल नक्षीच्या तळव्याचे बूट, कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, थोडी रोख रक्कम. फांदी धरण्याआधी नीट बघा, हिरवा चापडा हा साप पानांत दिसत नाही आणि तो विषारी आहे. स्पीकर घरी ठेवा; रान शांत असेल तरच शेकरूचा आवाज कानावर पडण्याची शक्यता असते.

निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा पाहा आणि वाट उघडी आहे का, याची वन विभागाकडे किंवा पिंपरीत चौकशी करा. अतिवृष्टीत ती बंद ठेवली जाते. बंदी असताना आडवाटेने घुसू नका. तारीख तुमच्या हातात असेल तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर निवडा. तेव्हा ओढे वाहते पण आवाक्यात असतात, आणि धुकं हटल्याने समोरच्या कड्यांवरचे धबधबे तळापर्यंत दिसतात.