कूलरमधली टकटक: झाडबेडकाच्या बाबतीत या चुका टाळा

जून संपत येतो, दोन-चार सरी पडून जातात, तरी नागपुरात कूलर काही खिडकीतून निघत नाही. अशाच एका रात्री आमच्या कूलरमधून आवाज यायला लागला. टक-टक-टक-टक, मग शांत, पुन्हा टक-टक-टक. लाकडावर कोणी बारीक हातोडी मारावी तसा. बटण बंद केलं, आवाज थांबला. चालू केलं, थोड्या वेळाने पुन्हा टकटक. म्हटलं, बुश गेलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बुश बदललं, पैसे घेतले, आणि रात्री टकटक होतीच. मागची जाळी काढली तर गवताच्या कडेला, चारही पाय पोटाखाली दुमडून, एक फिकट तपकिरी बेडूक बसलेला.

आवाज ऐकला की यंत्र उघडायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मोटरचा आवाज पंख्याच्या वेगाबरोबर बदलतो, बेडकाचा बदलत नाही. पंखा बंद करा, दिवा घालवा आणि दहा मिनिटं गप्प बसा. मी बटणाकडे चालत गेलो म्हणून तो थांबला होता, हे मला फार उशिरा कळलं.

हा आपला नेहमीचा झाडबेडूक, शास्त्रीय नाव पॉलिपेडेटस मॅक्युलॅटस. ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने 1830 साली त्याचं वर्णन केलं. ओरडतो तो फक्त नर, मादीपेक्षा बराच लहान. मादी आठ सेंटिमीटरपर्यंत वाढते.

रंग बघून ओळखू नका

चुन्याच्या भिंतीवर बसला की तो पांढुरका पडतो, म्हणून इंग्रजीत त्याला चुनाम बेडूकही म्हणतात. तोच रात्री कुंडीवर तपकिरी दिसेल आणि घरात दोन बेडूक आहेत अशी चर्चा सुरू होईल. बोटांच्या टोकांच्या गोल चकत्या बघा, त्यांच्याच जोरावर तो काचेवर चढतो. मांडीच्या मागच्या बाजूला गडद रंगावर पिवळे ठिपके असतात. ते उडी मारताना क्षणभर दिसतात, म्हणून त्यासाठी त्याला पकडू नका.

आवाजातही घोटाळे होतात. पाल चुकचुकते तेव्हा चार-सहा ‘चुक’ होतात, पण त्यात ठोकल्याचा कोरडेपणा नसतो. कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखी करकर अंगणातल्या डबक्यातून येत असेल, तर तो मायक्रोहायला नावाचा इवलासा बेडूक. बिब्ब्याएवढा जीव, पण आवाज मोठा. अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावाकडे पहिल्या मोठ्या पावसानंतर घशातून ‘ड्रांव’ काढणारे पिवळेधमक बेडूक म्हणजे बैलबेडूक. त्यांना झाडबेडूक समजणारे लोकही मी पाहिलेत!

जागा शोधायची तर टॉर्च घेऊन धावू नका. बाल्कनीच्या भिंतींवर आवाज आपटतो आणि कान फसतो. दोघांनी दोन कोपऱ्यांत उभं राहून आवाजाच्या दिशेने हात करायचा. हातांच्या रेषा जिथे मिळतील तिथे बेडूक असतो, बहुतेक वेळा आपल्या अंदाजापेक्षा उंचावर.

मीठ, फिनाइल, झाडू

तो विषारी नाही, चावत नाही, आणि दुधात पडला तर काय, हा प्रश्न दूध झाकून ठेवल्याने सुटतो. मीठ किंवा फिनाइल मात्र त्याच्या जिवावर बेततं, कारण बेडूक पाणी कातडीतूनच घेतो आणि पाण्यातलं बाकीचंही तिथूनच आत जातं. हा झाडबेडूक तर स्वतःच्या कातडीतून पाझरणारा स्राव पायांनी अंगभर पुसून घेतो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी उडतं. घराबाहेर काढायचाच असेल तर हात साध्या पाण्याने ओले करा, साबण-सॅनिटायझर लागलेला हात नको. त्याहून सोपं म्हणजे वर डबा उपडा ठेवायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा आणि जवळच्याच झाडावर सोडायचा.

फेस धुऊन टाकू नका

कूलरच्या टाकीच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या वर, साबणासारखा फेसाचा गोळा दिसला की आपण पाइप लावतो. ते घरटं असतं. मादी स्राव सोडून मागच्या पायांनी घुसळते, त्यात अंडी घालते. फेस बाहेरून वाळतो, आत ओल टिकते, आणि काही दिवसांत पिल्लं खालच्या पाण्यात गळून पडतात.

खरी अडचण इथेच येते. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी कोरडी केलीच पाहिजे. बेडकाची पिल्लं डासांच्या अळ्या संपवतील या भरवशावर पाणी साठवून ठेवणं हीसुद्धा चूकच. दोन्ही साधायचं तर फेसाचा गोळा पातळ पत्र्याने अलगद सोडवा आणि बादलीवर आडव्या ठेवलेल्या फांदीवर ठेवा. बादली सावलीत हवी. पिल्लं आधीच पाण्यात उतरली असतील तर चहाच्या गाळणीने काढा. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग भरा, क्लोरीन उडून जातं. वरून मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा. खायला उकडलेल्या पालकाचं एखादं पान पुरतं. ढीगभर टाकलं तर पाणी सडतं आणि पिल्लं मरतात, हे मी एकदा करून बसलोय.

पाय फुटायला लागले की जाळी काढून बादलीत एक काठी तिरपी टाका. शेपूट आटत आलेल्या पिल्लाला वर चढायला काही सापडलं नाही तर ते त्याच पाण्यात बुडतं.