युद्धकाळातील सैनिकी नोंदींमधले संक्षेप कसे वाचावेत

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्यात नोकरी केलेल्या आजोबांचा किंवा पणजोबांचा शीट रोल, म्हणजे नोकरीच्या नोंदींचा कागद, पहिल्यांदा हाती येतो, तेव्हा बहुतेकांची निराशा होते. ज्या माणसाच्या इजिप्तच्या, इटलीच्या किंवा ब्रह्मदेशाच्या आठवणी घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्याची चार-पाच वर्षे तिथे टिंबांनी आणि तिरक्या रेघांनी तोडलेल्या इंग्रजी अक्षरांत कोंबलेली असतात. हा कागद घरच्यांसाठी किंवा इतिहासासाठी लिहिलेलाच नव्हता, हे आधी ध्यानात घ्यावे. अमुक तारखेपासून हा माणूस कोणाच्या पटावर आहे आणि कोणत्या हुद्द्याचा पगार घेतो आहे, एवढा हिशोब लागावा म्हणून तो कारकुनाने भरलेला आहे, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक संक्षेप या हिशोबातून उलगडतो.

आधी नक्कल, मग अर्थ

मूळ कागदाचे स्पष्ट छायाचित्र काढून घ्यावे आणि प्रत्येक नोंद एका वहीत जशीच्या तशी उतरवावी. टिंब, तिरकी रेघ, मोठे-लहान अक्षर यांत काहीही सुधारू नये आणि या टप्प्यावर अर्थाचा अंदाजही करू नये. शंका असलेल्या अक्षराखाली पेन्सिलीने खूण करावी. त्याच हस्ताक्षरातला एखादा ओळखीचा शब्द, उदाहरणार्थ गावाचे किंवा महिन्याचे नाव, सापडला की त्यावरून त्या कारकुनाचे अक्षर लागते. तारखा दिवस, महिना, वर्ष या क्रमाने असतात. वरच्या ओळीतलेच पुन्हा लिहायचे असेल तेव्हा कारकून ‘डिट्टो’चे दोनच अक्षरांत ‘डीओ’ करतो; तो नवा संक्षेप समजून अनेकजण अडतात.

त्यानंतर रकान्यांची शीर्षके वाचावीत, कारण निम्मा अर्थ तिथेच असतो. ‘ऑथॉरिटी’ या रकान्यातले आकडे ज्या आदेशावरून नोंद झाली त्याचे असतात; ‘पार्ट टू ऑर्डर’ हा शब्द फौजेत आजही चालू आहे आणि रजा, बदली, लग्न, अपत्यजन्म अशा गोष्टी त्यातूनच नोंदल्या जातात. ‘कॅज्युअल्टी’ हे शीर्षक पाहून घाबरू नये. फौजी कारकुनाच्या लेखी नोकरीच्या स्थितीत झालेला कोणताही बदल म्हणजे कॅज्युअल्टी, मग तो रजेवरून परतणे का असेना.

हुद्दा आणि पलटण

‘सेप.’ म्हणजे सिपॉय अर्थात शिपाई, ‘एल/एनके.’ लान्स नाईक, ‘एनके.’ नाईक, ‘हव.’ हवालदार, ‘जेम.’ जमादार आणि ‘सब.’ सुभेदार. जमादार व सुभेदार हे व्ही.सी.ओ., म्हणजे व्हाइसरॉयज कमिशन्ड ऑफिसर. त्यांच्याखालचे सगळे आय.ओ.आर., इंडियन अदर रँक्स.

हुद्द्याच्या आधी येणारी अक्षरे मात्र सावकाश वाचावीत. ‘यू/पी’ म्हणजे त्या हुद्द्याचा पगार न मिळणारा, ‘पी/ए’ म्हणजे पगारासह पण हंगामी, ‘डब्ल्यू/एस’ म्हणजे युद्धकाळापुरता कायम. हंगामी हुद्दा नेमलेल्या कामाला जोडलेला असे, त्यामुळे ते काम संपले किंवा माणूस दीर्घकाळ इस्पितळात राहिला, की तो सुटू शकत असे. नाईक होऊन पुन्हा शिपाई झाल्याची नोंद दिसली म्हणजे आजोबांना शिक्षाच झाली, असा समज करून घेण्यापूर्वी ही अक्षरे तपासलीच पाहिजेत. त्या काळच्या कित्येक शिपायांवर त्यांच्याच घरात असा अन्याय झालेला असू शकतो.

पलटणीचे नाव अपूर्णांकासारखे लिहिलेले असते. ‘3/5 एम.एल.आय.’ म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटची तिसरी पलटण. वरचा आकडा पलटणीचा, खालचा रेजिमेंटचा. ही पद्धत 1922 च्या पुनर्रचनेनंतरची आहे. त्यापूर्वीच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या कागदांत याच पलटणी 103, 105, 110, 114, 116 आणि 117 अशा क्रमांकांनी येतात. 110 वी पलटण पुढे 3/5 झाली. ‘10/5’ ही प्रशिक्षण पलटण होती, त्यामुळे नोकरीच्या सुरुवातीला तीच दिसणे स्वाभाविक आहे.

पटावर आणि पटाबाहेर

सर्वांत जास्त वेळा येणारी जोडी म्हणजे टी.ओ.एस. आणि एस.ओ.एस. पहिलीचा अर्थ ‘टेकन ऑन स्ट्रेंथ’, पटावर घेतले. दुसरीचा ‘स्ट्रक ऑफ स्ट्रेंथ’, पटावरून कमी केले. एस.ओ.एस. पाहून संकटाची हाक आठवते, पण तिचा इथे काही संबंध नाही. ती मृत्यूची, पळून जाण्याची किंवा बडतर्फीचीच नोंद असेल असेही नाही. माणूस इस्पितळात गेला, दुसऱ्या पलटणीत गेला, प्रशिक्षणाला गेला, तरी जुनी पलटण त्याला पटावरून कमी करते, कारण त्याचा शिधा आता दुसऱ्या कोणीतरी उचलायचा असतो. म्हणून प्रत्येक एस.ओ.एस.नंतरची टी.ओ.एस. शोधावी आणि दोन्ही तारखा शेजारी मांडाव्यात. मध्ये रिकामा काळ राहिला तर तो बहुधा जहाजात, रेल्वेत किंवा खाटेवर गेलेला असतो. ‘डब्ल्यू.ई.एफ.’ म्हणजे त्या तारखेपासून लागू. नोंद प्रत्यक्ष लिहिली गेल्याची तारीख बरीच पुढची असू शकते.

इस्पितळाच्या नोंदी

‘सी.सी.एस.’ म्हणजे आघाडीच्या मागचे कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, ‘आय.जी.एच.’ म्हणजे इंडियन जनरल हॉस्पिटल. ‘जी.एस.डब्ल्यू.’ म्हणजे गनशॉट वूंड, गोळीची जखम. पहिल्या महायुद्धाच्या कागदांत तोफगोळ्याच्या कपच्यांच्या जखमाही याच अक्षरांखाली घातलेल्या आढळतात. ‘पी.यू.ओ.’ म्हणजे कारण न कळलेला ताप आणि ‘एन.वाय.डी.’ म्हणजे निदान अजून झालेले नाही. ‘एस.आय.’ व ‘डी.आय.’ म्हणजे गंभीर आणि अत्यवस्थ. ‘डिस.’ या अक्षरांचा अर्थ इस्पितळातून सुटका असाही होतो आणि फौजेतून निवृत्ती असाही.

एकाच संक्षेपाचे दोन अर्थ असतात, आणि खरी चूक तिथेच होते. ‘एम.टी.’ रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोरच्या, म्हणजे आर.आय.ए.एस.सी.च्या, नोंदीत आले तर ते मोटार ट्रान्सपोर्ट. तेच इस्पितळाच्या ओळीत आले तर मॅलिग्नंट टर्शियन, म्हणजे घातक प्रकारचा हिवताप. शेजारचा शब्द पाहिल्याशिवाय यातला कोणताही अर्थ घेऊ नये.

एक नोंद उलगडून

समजा, एका शीट रोलवर अशी ओळ आहे : ‘पी/ए एनके. — 3/5 एम.एल.आय. — जी.एस.डब्ल्यू. एलटी. थाय — अ‍ॅड. सी.सी.एस. 11.7.44 — एस.ओ.एस. डब्ल्यू.ई.एफ. 12.7.44 — सी.एम.एफ.’ शेवटून सुरुवात करावी. सी.एम.एफ. म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, त्यामुळे इथे इटलीची आघाडी आधी तपासावी. हंगामी नाईक असलेला हा जवान डाव्या मांडीला गोळी लागून 11 जुलै 1944 रोजी दाखल झाला आणि दुसऱ्या दिवसापासून पलटणीच्या पटावरून कमी झाला. आता इतिहासाकडे वळावे. 3/5 ही पलटण त्या दिवसांत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती; याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी तिथे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे आपला जवान त्याच लढाईच्या धुमश्चक्रीत जखमी झाला असण्याची शक्यता मोठी आहे. ‘शक्यता’ हाच शब्द वहीत लिहावा, कारण जखम कोणत्या दिवशी झाली हे ही ओळ सांगत नाही.

आघाडी ओळखण्यासाठी आणखी काही अक्षरे उपयोगी पडतात. एम.ई.एफ. म्हणजे मिडल ईस्ट फोर्सेस, पायफोर्स म्हणजे इराण-इराकमधली फौज, आणि आल्फसी म्हणजे ब्रह्मदेश व आग्नेय आशियातली दोस्तांची भूसेना. पहिल्या महायुद्धात आय.ई.एफ., म्हणजे इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, यापुढे येणारे अक्षर पाहावे : ‘ए’ फ्रान्स, ‘डी’ मेसोपोटेमिया, ‘ई’ इजिप्त.

पडताळा

अर्थ लावून झाल्यावर तो दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावा. मृत सैनिकाची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधता येते. पलटणींच्या युद्ध-रोजनिश्या लंडनमधील क्यू येथील नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. दुसऱ्या महायुद्धासाठी मध्यपूर्वेच्या डब्ल्यू.ओ. (वॉर ऑफिस, ब्रिटनचे युद्धखाते) 169, इटलीच्या डब्ल्यू.ओ. 170 आणि आग्नेय आशियाच्या डब्ल्यू.ओ. 172 या मालिकांत त्या पाहाव्यात. या रोजनिश्यांमध्ये शिपायाचे नाव क्वचितच येते, पण पलटण त्या दिवशी कोणत्या टेकडीवर होती आणि किती माणसे जखमी झाली हे त्यांत मिळते. शीट रोलवरच्या तारखा घेऊन रोजनिशीची तीच पाने उघडावीत, आणि अर्थ निश्चित झाला की वहीतली पेन्सिलीची खूण पुसून तिथे शाईने लिहावे.