मोबाईलवर अभ्यास करताना पोरगी पेंगायची, असं थांबलं

खानापूरला आमची धाकटी एसएसएलसीला (कर्नाटकातली दहावी) आहे, संध्याकाळी मोबाईलवर गणिताचे व्हिडिओ लावले की अर्ध्या तासात डोळे चोळायची, पेन वहीवर तसंच टेकलेलं आणि शाईचा ठिपका पसरत जायचा. चहा दिला, ब्राईटनेस कमी केला, काय उपयोग नाही, जीव नुसता कातावला.

शेवटी आधी झोपेची वेळ लावली: सेटिंग्ज, डिजिटल वेलबीइंग, बेडटाइम मोड, रात्री 10 ते सकाळी 6, आत ग्रेस्केल (स्क्रीन काळी-पांढरी) चालू. चार दिवसांनी क्लॉकमध्ये 20 मिनिटांचा टायमर, वाजला की व्हिडिओ पॉज, मोबाईल पालथा, दारातनं 20 फुटांवरच्या कौलांकडं 20 सेकंद बघायचं. दोन टायमर झाले की मोबाईल बाजूला, तेवढीच गणितं वहीत. क्रम बदलू नका, आम्ही टायमर आधी लावलेला तेव्हा तो वाजूनसुद्धा पोरगी पेंगतच होती.